नावापुढच्या काड्या

जबाब देणार : सौ. संयोगिता सम्राट इंगवले, वय ३४ वर्षे, शिक्षण बी. पी. टी. (पूर्ण), व्यवसाय फिजिओथेरपिस्ट, रा. राजारामपुरी, कोल्हापूर. रविवारपासून मुक्काम माहेरी, राधानगरी.
दिनांक : १७ डिसेंबर २०२५.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी माझे पती सम्राट, सासूबाई आणि थोरले दीर राजवर्धन हंबीरराव इंगवले यांच्यासह एकत्र कुटुंबात राहण्यास होते. पतींचे मार्केट यार्डात गुळाचे अडत दुकान आहे. घराच्या तळमजल्यावर 'इंगवले स्पाइन अँड स्पोर्ट्स केअर' नावाचे फिजिओथेरपी सेंटर असून ते माझ्या दिरांनी चालू केलेले आहे. मी त्यांना भावजी म्हणते, म्हणून पुढे तसेच लिहिले आहे. भावजी माझ्यासारखेच बी. पी. टी. आहेत. त्यांची ती पदवी खरी आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. लग्न झाल्यापासून मी याच सेंटरमध्ये पेशंट पाहते. बाहेर काउंटरला सबिना दिलदार मुजावर काम करतात.

गेल्या वर्षी पुण्यात मणक्याच्या उपचारांचा एक कोर्स सुरू असल्याचे समजले. भावजींनी व मी त्यात नाव घातले. कोर्सचे चार टप्पे आहेत व शेवटी परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात कंबर शिकवतात. मान सर्वांत शेवटी, चौथ्या टप्प्यात येते. मान शेवटी का, हे शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. ते म्हणाले होते की मानेत चूक झाली तर पेशंटला परत आणता येत नाही.

चारही टप्पे होऊन परीक्षा पास झाल्यावरच नावापुढे सी. एस. टी. ही अक्षरे लावता येतात. हेही सरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. तोवर कोणी विचारले तर पूर्ण वाक्यात सांगायचे, की मी शिकतो आहे, इतके झाले आहे, इतके राहिले आहे. पाटीवर, कार्डावर, कागदावर काही लिहायचे नाही. हे ते बोलत असताना भावजी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले होते.

भावजींनी पहिला टप्पा केला आणि पुढे गेले नाहीत. वेळ नाही म्हणाले. मी दुसरा टप्पा केला. तिसऱ्याला अजून गेलेले नाही.

यंदा गणपतीच्या आधी सेंटरला नवीन पाटी लागली. ती लावण्यापूर्वी मला दाखवलेली नव्हती. तिच्यावर वर भावजींचे नाव आणि खाली माझे नाव होते. दोघांच्याही नावापुढे बी. पी. टी. आणि त्यापुढे सी. एस. टी. अशी अक्षरे होती. त्याच्या पुढे कंसात रोमन आकडा होता. भावजींच्या नावापुढे एक उभी काडी, म्हणजे एक टप्पा. माझ्या नावापुढे दोन काड्या, म्हणजे दोन टप्पे. ह्या काड्यांचा अर्थ पाटीवर कुठेही लिहिलेला नव्हता.

मी त्याच दिवशी भावजींना म्हणाले, "हे चालत नाही. परीक्षा झाल्याशिवाय ही अक्षरं लावायची नाहीत, सरांनी तुमच्यासमोर सांगितलंय."

भावजी म्हणाले, "खोटं कुठं लिवलंय? निम्मं केलंय म्हणून निम्मं लिवलंय."

मी म्हणाले, "तुमचं निम्मंही नाही. चारातलं एक आहे. आणि लोकांना ते कळणार नाही."

त्यावर ते म्हणाले, "आख्ख्या कोल्हापुरात बघ की. कुणी 'पार्ट वन' लिवतंय, कुणी परीक्षेला बसलोय म्हणून लिवतंय. आपण तरी कंस टाकलाय."

कंस टाकला म्हणजे सचोटी झाली, असे त्यांचे मत होते व आजही असावे.

मी पांढऱ्या चिकटपट्टीने माझ्या नावापुढची अक्षरे झाकली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढलेली होती. मी पुन्हा लावली. ती पुन्हा काढली गेली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा सासूबाईंनी मला वर बोलावून सांगितले की पाटी घराची आहे आणि तिच्यावर चिकटवाचिकटवी केलेली रस्त्यावरून दिसते. त्यानंतर मी पट्टी लावली नाही.

पेशंट लोक त्या काड्यांचे काय वाचतात, हे सबिना मला सांगत असत. एका बाईंनी विचारले होते की ही इंग्रजी 'आय' म्हणजे इंडियाची डिग्री काय. बाकीचे बहुतेक लोक एक काडी म्हणजे एक नंबर असे धरत होते. मी हे भावजींना सांगितले. ते हसून म्हणाले, "वाचू देत की. आपण कुठं वाचून दाखवतोय?" हे वाक्य सबिना यांच्यासमोर झालेले आहे. पुढे त्यांनी तीच अक्षरे घालून पत्रके छापली आणि शहरातल्या तालमींमधून वाटली. त्यात मुलींची एक तालीमही होती.

जबाब लिहून घेणाऱ्या ताईंनी इथे 'लोकांचा गैरसमज झाला' असे लिहू का म्हणून विचारले. मी नको म्हटले. गैरसमज आपोआप होतो. हा समज करून दिलेला होता. तसेच लिहावे.

दि. ११ डिसेंबर, गुरुवार रोजी सकाळी मी सेंटरमध्ये होते. गर्दी होती. त्या वेळी आकाराम ज्ञानू खोत, रा. शाहूवाडी, हे त्यांची मुलगी वर्षाराणी, वय १९, हिला घेऊन आले. वर्षाराणी कोल्हापुरात तालमीत राहून कुस्ती करते. सराव करताना मान अवघडली व ती बरी होईना, म्हणून वडील गावाहून आले होते. रविवारी तिची जिल्हा संघासाठी निवड चाचणी होती. आमच्या सेंटरचे पत्रक तिला तालमीत मिळाले होते.

माझ्या खोलीचे दार उघडे असल्याने काउंटरवरचे बोलणे मला ऐकू येत होते. आकाराम मामा पाटीकडे बघत सबिनांना म्हणाले, "हितं दोन नावं हायत. एकाफुडं एक काडी, एकाफुडं दोन. मंजी एक नंबर कोन? वरलं की खालचं?"

सबिना म्हणाल्या, "वरचे सर. पण तसं नाही मामा, दोघंपण..."

"मग सरांस्नीच दावायचं. पोरीचा सवाल हाय."

भावजी दुसऱ्या पेशंटकडे असल्याने सबिनांनी त्या दोघांना तोवर माझ्याकडे पाठवले.

मी वर्षाराणीला तपासले. तिला माझी बोटे दाबायला सांगितली. उजव्या हाताने तिने इतकी जोरात दाबली की माझी अंगठी बोटात रुतली. डाव्या हाताची पकड लहान मुलासारखी होती. विचारल्यावर तिने सांगितले की बोटांना मुंग्या येतात आणि दुधाचा ग्लास दोनदा हातातून पडला. गुडघ्यावर तपासणीची रबरी हातोडी मारली तेव्हा पाय नको इतका उडाला. ही मानेच्या मणक्यात मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणे आहेत. हे ओळखायला सी. एस. टी. लागत नाही. बी. पी. टी.त शिकवतात.

मी दोघांनाही सांगितले, "मानेला कुणी हात लावायचा नाही. मी पट्टा घालते. इथून सरळ एम. आर. आय. करायला जायचं आणि मणक्याच्या सर्जनला दाखवायचं. आजच."

वर्षाराणी म्हणाली, "म्याडम, रविवारी निवड हाय वो."

मी म्हणाले, "रविवारी खेळायचं नाही."

ती वडिलांकडे बघत राहिली. आकाराम मामा म्हणाले, "ताई, राग मानू नगासा. तुमी दोन नंबर. आमाला एक नंबरला दावायचं हाय."

मी त्यांना समजावून सांगितले, "मामा, एक म्हणजे पहिला नंबर नव्हे. चार भागांचा कोर्स आहे, त्यातला सरांचा एकच झालाय. माझे दोन झालेत. पुरा कुणाचाच झालेला नाही. आणि मान कशी हाताळायची ते दोघांनाही अजून शिकवलेलं नाही."

मामा हसले. म्हणाले, "आसं व्हय? निम्मं शिकल्यालं कोन आपल्याच पाटीवर लिवतंय?"

मी मानेचा पट्टा घ्यायला कपाटाकडे वळले.

तेवढ्यात भावजी आत आले. "काय पावणं, काय म्हणत्यात आमच्या मॅडम?" असे त्यांनी विचारले. मामांनी एम. आर. आय.चे सांगितले. भावजींनी मुलीच्या मानेवर बोटे फिरवली व म्हणाले, "शीर आवळलीया. एक झटका दिला की मोकळी. रविवारी मारशील की कुस्ती."

झटका म्हणजे डोके दोन्ही हातांत धरून मान एका बाजूला वळवायची आणि तिथून अचानक फिरवायची. कट् असा आवाज येतो. लोक त्याला मान मोडून घेणे म्हणतात. शिकलेल्या माणसानेही वर्षाराणीसारख्या पेशंटवर ते कधीच करायचे नसते.

मी मुलीच्या व वडिलांच्या समोर म्हणाले, "भावजी, हिची डाव्या हाताची पकड गेलीय. पाय उडतोय. हिला झटका द्यायचा नाही. मान चौथ्या टप्प्यात आहे. ती तुमचीही झालेली नाही, माझीही झालेली नाही."

भावजींच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच होते. ते म्हणाले, "मॅडम, पलीकडच्या खोलीत आजी गुडघा घेऊन बसल्यात. त्यांना बघा." नंतर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "पेशंटसमोर माझी अक्षरं मोजू नकोस." आणि मुलीला घेऊन ते त्यांच्या खोलीत गेले. वडीलही गेले.

मी आजींकडे गेले नाही. ओळखीचे एक मणक्याचे सर्जन आहेत. त्यांनी सांगितले तर भावजी ऐकतील, असे वाटल्याने मी पॅसेजमध्ये उभी राहून त्यांना फोन लावला. फोन वाजत असताना आतून कट् असा आवाज आला. बाहेर बसलेल्या लोकांनीही तो ऐकला असेल.

त्यानंतर मुलीचा आवाज आला. ती ओरडली नाही, नुसते विचारले, "आबा, माजं पाय कुठं हायत?"

मी आत धावले. मुलगी टेबलावर उताणी होती. तिचे डोळे उघडे होते. भावजी तिच्या खांद्याखाली हात घालून तिला उठवत होते व म्हणत होते, "ऊठ, ऊठ, झालं मोकळं. घाबरलीस व्हय?" मी त्यांचा हात ओढून बाजूला केला. "हात काढ," असे मी थोरल्या दिरांना एकेरीत म्हणाले. ते मी नाकारत नाही. त्याबद्दल घरात मला जाब विचारला गेला. झाल्या प्रकारात घरातून जाब फक्त एवढ्याच गोष्टीचा विचारला गेला.

मी मुलीच्या डोक्याशी उभी राहून तिचे डोके दोन्ही तळव्यांत हलणार नाही असे धरून ठेवले आणि सबिनांना १०८ला फोन करायला सांगितला. भावजी म्हणाले, "ॲम्ब्युलन्स दारात नको, माझ्या गाडीतनं नेतो." मी डोके सोडले नाही, म्हणून त्यांना नेता आले नाही. ते बाहेर जाऊन लोकांना मुलीला चक्कर आल्याचे सांगू लागले. मुलगी मला सारखी विचारत होती, "म्याडम, हे किती वेळ ऱ्हातंय?" मी तिला हलू नकोस एवढेच सांगत राहिले. आकाराम मामा भिंतीशी तिचे बूट हातात धरून उभे होते. ते त्यांनी हॉस्पिटलपर्यंत खाली ठेवले नाहीत.

ॲम्ब्युलन्समधून मी सोबत गेले. भावजी आले नाहीत. शुक्रवारी पहाटे ऑपरेशन झाले. मानेतली गादी सरकून मज्जारज्जूवर दाबली गेली होती. गादी आधीच सुटत आलेली होती, आणि झटक्याने ती पुरती आत गेली, असे सर्जन माझ्यासमोर म्हणाले. आजमितीस वर्षाराणीच्या पायांची बोटे हलतात. दोघांनी धरले तर ती उभी राहते. डाव्या हाताची मूठ वळत नाही. पुढे ती चालू लागेल, असे डॉक्टर म्हणतात. कुस्तीचे विचारल्यावर ते नाही म्हणाले.

शुक्रवारी दुपारी मी घरी परत आले, तेव्हा सेंटरची पाटी काढलेली होती. तिच्या जागी नवीन फ्लेक्स लावला होता. त्यावर दोघांचीही नावे होती आणि नावापुढे फक्त बी. पी. टी. होते. गणपतीच्या आधीपासून मी जे सांगत होते, ते एका दिवसात झाले होते. जुनी पाटी कुठे आहे, असे मी विचारले. भावजी म्हणाले, "आता कशाला तो विषय?" सदर पाटीचे फोटो सबिनांच्या मोबाईलमध्ये आहेत. पत्रके तालमीत आहेत.

शनिवारी भावजींनी पोलीस ठाण्यात लेखी म्हणणे दिले, की वर्षाराणी खोत हिच्या मानेवर उपचार मी, संयोगिता हिने केले, कारण सेंटरमध्ये मी जास्त प्रशिक्षण घेतलेली आहे. हे मला रविवारी कळले, तेही त्यांच्याच तोंडून.

रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर भावजी, सासूबाई व माझे पती असे तिघे हॉलमध्ये बसले होते. मला बोलावले. भावजी म्हणाले, "तुला पोलीस बोलावतील. मी काल लिहून दिलंय, तू पण एवढंच सांगायचं की झटका तू दिलास. तुझे दोन टप्पे झाल्यात, माझा एक. तू केलंस म्हटलं तर शिकलेल्या माणसानं केलं असं होतंय. मी केलं म्हटलं तर न शिकता केलं असं होतंय."

मी म्हणाले, "गुरुवारी सकाळी एक काडी मोठी होती. आज दोन मोठ्या झाल्या व्हय?"

सासूबाई म्हणाल्या, "घर एक हाय. त्यात काड्या कसल्या मोजतीस?"

मी म्हणाले, "मान दोन्ही टप्प्यांत नाही. मी केलं असतं तरी ते न शिकताच केलं असतं. आणि मी केलेलं नाही. मी नको म्हणत होते."

भावजी म्हणाले, "ते तुला नि मला माहिती. खोतांचं मी बघतो. लोकांना काय माहिती? लोकांना पाटीवर जे होतं तेच माहिती."

हे वाक्य मी आहे तसे सांगितले आहे. ते आहे तसेच लिहावे.

मी माझ्या पतींकडे पाहिले. ते म्हणाले, "तू तरुण आहेस. दुसरीकडं कुठंही उभी राहशील. दादाचं नाव गेलं तर सेंटर गेलं, आणि सेंटर गेलं तर घर बसलं. सांग की तेवढं. काय जातंय तुझं?"

मी विचारले, "मी केलेलं नाही, हे तुम्हाला पटतंय ना?"

ते म्हणाले, "पटायचा प्रश्नच नाही. मला माहितीच आहे."

म्हणजे मी केलेले नाही हे सम्राट यांना माहीत होते. माहीत असून त्यांनी मला ते केल्याचे सांगायला सांगितले. हे त्यांनी रागात किंवा घाबरून म्हटले नाही, समजावणीच्या सुरात म्हटले. लग्नाला आठ वर्षे झाली आहेत.

मी त्यांना विचारले, "आणि ती मुलगी?" सासूबाई ताटे उचलायला उठल्या.

मी खोलीत जाऊन कपडे भरले आणि राधानगरीला माहेरी गेले. मला कोणी थांबवले नाही व कोणी स्टँडपर्यंत सोडायला आले नाही. सोमवारी सबिनांना फोनवर सांगण्यात आले, की आता कामावर यायची गरज नाही. त्या जबाब देण्यास तयार आहेत. मी त्यांना तयार केलेले नाही, त्या आपणहून म्हणाल्या.

काल मंगळवारी मी वर्षाराणीला बघायला हॉस्पिटलमध्ये गेले होते. खोलीच्या दारातच आकाराम मामांनी मला अडवले. भावजी त्यांना भेटून गेले होते. मॅडमनी गुडघ्यावर हातोडी मारली तेव्हाच शीर सरकली, असे त्यांना सांगून गेले होते. मामा मोठ्याने बोलू लागले. कॉरिडॉरमधले लोक जमा झाले.

"मी अडानी न्हाय," असे ते म्हणाले. "मला वाचाय येतंय. पाटीवर जे लिवलं हुतं ते मी वाचलं. त्यो मानूस एक नंबर हाय म्हनून माजी पोर त्येच्या हातात दिली. चुकीचं वाचलं आसंल मी. पर चुकीचं वाचतील ह्ये ठावं आसताना लिवलं कुनी? आँ? तुमी घरातलीच न्हवं का? तुमचं बी नाव हुतं की तिथं!"

मी म्हणाले, "होय. होतं."

"मग?"

त्यांच्या बोलण्यात चुकीचे काहीही नव्हते. ते मला मारतील, असे आजूबाजूच्या लोकांना वाटले असावे. एका ब्रदरने त्यांचा दंड धरला.

आतून वर्षाराणीने हाक मारली, "आबा." तिचा आवाज लहान झालेला आहे. "आबा, त्या म्याडम नको म्हनत हुत्या. मान चौथ्या कशात तरी हाय, शिकल्याली न्हाय म्हनत हुत्या. मी ऐकलंय. तुमी बी हुतासा की तिथं."

मामा खुर्चीवर बसले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसले. मला वाटले ते रडत आहेत, पण ते रडत नव्हते. जरा वेळाने ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "व्हय. हुतो. मी हासलो हुतो त्येंच्यावर." आणि मग म्हणाले, "तरीबी पाटी तुमच्या घरचीच हुती, ताई. माजी पोर आता तुमच्यापैकी कुनाच्या हाताला लागनार न्हाय. जावा तुमी."

मी आत गेले नाही. दारातून वर्षाराणीला हात केला आणि परत आले. तिचे पुढचे व्यायाम हॉस्पिटलचे लोक करून घेत आहेत. ते नीट करून घेत आहेत, हे मी विचारून घेतले आहे.

मला विचारण्यात आले की, पाटी चुकीची आहे हे माहीत असताना मी त्या सेंटरमध्ये काम का करत राहिले. त्यावर मी सांगते की, ते सेंटर माझ्या स्वयंपाकघराच्या खाली होते. नोकरी असती तर राजीनामा दिला असता. घराचा राजीनामा कसा देतात, हे मला रविवारपर्यंत माहीत नव्हते.

मला असेही विचारण्यात आले की, हा घरातला जुना वाद असून त्यातून मी दिरांविरुद्ध बोलत आहे काय. त्यावर मी सांगते की, होय, वाद जुना आहे. चार महिने जुना आहे. तो नावापुढे काय लिहावे याचा होता, आणि घरात सर्वांना तो क्षुल्लक वाटत होता. सुनेला दिराची बरोबरी करायची आहे, असे सासूबाई पाहुण्यांना सांगत असत. मला बरोबरी करायची नव्हती. मला दोघांचीही अक्षरे पुसून हवी होती, माझी आधी. शिकणे अर्धे राहण्यात काही लाज नाही. माझे अर्धे राहिलेले आहे, भावजींचेही राहिले आहे, पुष्कळांचे राहते. पण ज्याचे अर्धे राहिले त्याने ते स्वतःपाशी ठेवावे, नाहीतर तोंडाने पूर्ण सांगावे. आजारी माणूस दारात उभा असतो तेव्हा तो कंस वाचत नाही. त्याला दुखत असते.

माझी तक्रार अशी आहे की, राजवर्धन हंबीरराव इंगवले यांनी जे उपचार त्यांना शिकवलेलेच नव्हते, ते मी समोर उभी राहून नको म्हणत असताना वर्षाराणी खोत हिच्या मानेवर केले, आणि नंतर ते मी केले असे खोटे लेखी दिले. माझ्या नावाचा असा वापर मला मान्य नाही. पुण्याच्या सरांनाही मी काल सर्व हकिगत फोनवर सांगितली आहे. गरज पडल्यास ते दोघांचे किती टप्पे झाले हे सांगण्यास तयार आहेत. मी तिसऱ्या टप्प्याला जाणार काय, असे त्यांनी विचारले. मी त्यांना अजून उत्तर दिलेले नाही.

जबाब संपताना ताईंनी शेवटचे नेहमीचे वाक्य वाचून दाखवले, की सदरचा जबाब मी कोणाच्याही दबावाशिवाय देत आहे. ते वाक्य माझ्या जबाबात घालू नये, अशी माझी विनंती आहे. मला दबाव आहे. माझे पती आत्ता बाहेर गाडीत बसलेले आहेत. मी आत आल्यापासून त्यांचे फोन येत आहेत, आणि ताईंनीच माझा मोबाईल पालथा घालून ठेवला आहे. सकाळी माझ्या वडिलांनाही सासरहून फोन झाला की मुलीला समजवा, नाहीतर ती इकडे परत येणार नाही. वडिलांनी मला समजावले नाही. कोल्हापूरच्या बसचे तिकीट काढून दिले. म्हणून त्या वाक्याच्या जागी असे लिहावे, की सदरचा जबाब मी दबाव असताना, तो कोणाचा आहे हे माहीत असताना देत आहे.

ताईंनी साहेबांना विचारून तसे लिहिले.

वरील मजकूर मला मराठीत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरवला आहे, त्यात माझ्या म्हणण्याबाहेरचे काही नाही, आणि तो खरा आहे.

जबाब देणार
(सही) संयोगिता